पुस्तक मिटल्यावर काय करायचं?

या वेळी ध्यानाबद्दल एकदम चार पत्रं आली, आणि चारही वाचनाची चटक असलेल्या घरांतलीच दिसतायत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. पहिलं पत्र लांबलचक होतं, थोडं कापून देतेय. त्यात जे विचारलंय ते बऱ्याच जणांना विचारायचं असतं, फक्त विचारायला लाज वाटते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून वाचतो, म्हणजे अभ्यासाचं सोडून सगळं. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, हाताला लागेल ते. मागच्या वर्षी लायब्ररीत एक रहस्यकथा शोधताना बाजूच्या कपाटातलं बुद्धांचं चरित्र चुकून उचललं, परत ठेवायचा कंटाळा आला म्हणून घरी आणलं आणि रात्री तीनपर्यंत जागून संपवलं. तेव्हापासून वेडच लागलंय. विपश्यना, झेन, तिबेटी, सगळं वाचतोय, आठ-नऊ पुस्तकं झाली, एक्सेल शीट पण केलीये कुठलं झालं आणि कुठलं राहिलं त्याची. पण खरं सांगायचं तर प्रत्यक्ष बसलोय फार कमी. मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं, अकरा दिवसांची स्ट्रीक झाली, बाराव्या दिवशी सबमिशन होतं, स्ट्रीक तुटली आणि मग उघडलंच नाही. आणि बसलो की डोक्यात वाक्यं सुरू होतात. विचार नाही, अक्षरशः वाक्यं. 'त्याने डोळे मिटले आणि श्वास हळूहळू संथ होत गेला' असं, जणू कोणीतरी माझ्यावरच कादंबरी लिहितंय. हसू येतं आणि वैताग पण येतो. आता प्रश्न असा की गोष्टी वाचणं ही पण एक आसक्तीच ना? एका पुस्तकात करमणुकीपासून लांब राहायचं लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून रात्री कादंबरी उघडताना गिल्टी वाटतं. सोडून देऊ का? दुसरं, सुरुवात नेमकी कशी करू? तिसरं, मी जन्माने बौद्ध नाही, तर चालतं का? आणि मूळ सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, वाचायला घेतली की प्रचंड बोअर होतं, तेच तेच परत परत, हे माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : आधी त्या वाक्यांबद्दल बोलू. तुझ्या अख्ख्या पत्रात मला तीच गोष्ट सगळ्यात खरी वाटली, बाकीचं तू पुस्तकांतून उचललंयस, हे मात्र तू स्वतः बसून बघितलंयस.

जी माणसं खूप वाचतात ना, त्यांच्या डोक्यात एक निवेदक कायमचा मुक्कामाला असतो. तो बसमध्ये बोलतो, अंघोळीला गेलं की बोलतो, घरात भांडण चालू असलं तरी बाजूला उभा राहून भांडणाचं वर्णन करत असतो. एरवी बाहेरच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, डोळे मिटून बसलं की सगळे निघून जातात आणि तो एकटाच उरतो. म्हणजे ध्यान बिघडलं म्हणून वाक्यं आली असं नाहीये, ती होतीच, तुला आत्ता ऐकू आली.

आणि हे काही आजचं नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग लिहिला, ध्यान शिकवणाऱ्यांसाठीचं जाडजूड मॅन्युअलच म्हण ना, त्यात माणसांचे सहा स्वभाव सांगितलेत. रागचरित (इथे राग म्हणजे आसक्ती, चिडणं नाही), दोसचरित म्हणजे द्वेषाचा, मोहचरित, सद्धाचरित म्हणजे श्रद्धेचा, बुद्धिचरित आणि वितक्कचरित म्हणजे विचारांचा. हा शेवटचा म्हणजे तू, आणि मी पण. ज्याच्या डोक्यात सारखं काहीतरी शिजत असतं, एका विचारावरून दुसऱ्यावर उडी, रात्री मोठेमोठे बेत आणि सकाळी काही नाही. ध्यानाचे चाळीस विषय दिलेत, कुठल्या स्वभावाला कुठला मानवेल तेही दिलंय, आणि या वितक्कवाल्यांच्या वाट्याला काय आलंय तर साधा श्वास. आनापानसति, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं. मला हे फार आवडतं, कारण श्वासाला कथानकच नसतं. आत आला, बाहेर गेला, संपलं. निवेदकाचा धंदाच बसतो.

तर सुरुवात याच्यापासून कर. पाठ ताठ ठेवून बस, खुर्चीवर बसलास तरी चालेल. नाकपुडीच्या तोंडाशी, वरच्या ओठाच्या वर जी जागा आहे ना, तिथे हवा आत जाताना किंचित गार लागते आणि येताना जरा कोमट, तेवढंच बघायचं. श्वास लांब असेल तर लांब आहे हे कळू दे, आखूड असेल तर आखूड आहे हे. मुद्दाम लांब करायचा नाही. आनापानसति सुत्तात सोळा पायऱ्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन एवढ्याच आहेत, लांब श्वास घेतला की कळतं लांब घेतला, आखूड घेतला की कळतं आखूड घेतला. बाकी चौदा राहू देत. त्या पण शीटमध्ये टाकशील, माहितीये मला.

वाक्य आलं की हाकलू नकोस, आणि दुरुस्त तर अजिबात करू नकोस. मी एकदा जवळजवळ अर्धा तास एका वाक्यातलं विशेषण बदलत बसले होते, 'संथ' की 'मंद', आणि घंटा झाली तेव्हा कळलं की श्वास बिचारा केव्हाचा एकटाच चाललाय. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडॉ या भिक्खूंनी एक सोपी रीत शिकवली, जे घडतंय त्याला मनातल्या मनात छोटंसं नाव द्यायचं आणि परत मूळ जागी यायचं. ते श्वास पोटाशी बघायला सांगायचे, पोट वर आलं, खाली गेलं, आणि मध्ये विचार आला तर 'विचार, विचार'. तू नाकाशी बघत असलास तरी नाव द्यायची युक्ती चालेल. मनात म्हण 'वाक्य', आणि परत नाकाशी. एकच शब्द हं. 'अरे बघ परत आलं हे वाक्य, मी काही सुधारणार नाही' म्हणालास की निवेदकाला नवा परिच्छेद मिळाला.

आता कादंबऱ्या. तू जे वाचलंस ना करमणुकीबद्दल, ते कुठून आलंय ते आधी बघ. रोजच्या गृहस्थासाठी पाच शीलं आहेत : प्राण्याला मारायचं नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. नाच, गाणं, खेळतमाशे बघणं टाळायचं असं जे आहे ते उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या ठरावीक दिवशी घेतल्या जाणाऱ्या आठ शीलांत येतं, आणि श्रामणेर (म्हणजे नवशिके भिक्खू) आणि भिक्खू यांना ते कायमचं असतं. तू दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहेस, श्रामणेर नाहीस. गुरुवारी रात्री झोपण्याआधी भुताची गोष्ट वाचलीस तर कुठलंही शील मोडत नाही. ती गिल्ट तू दुसऱ्याच्या नियमांतून उसनी आणलीयेस, परत करून टाक.

उलट मला वाटतं की तुझ्या हातात एक फार चांगलं साधन आहे आणि तू तेच फेकायला निघालायस. बौद्ध विचारात एक साखळी सांगतात, फस्स म्हणजे स्पर्श, त्यातून वेदना म्हणजे सुखाची दुःखाची किंवा दोन्ही नाही अशी जाणीव, आणि त्यातून तण्हा. ही तण्हा म्हणजे तहान लोकांना दाखवायला मोठीमोठी उदाहरणं देतात, पैसा, सत्ता वगैरे. रहस्यकथा वाचणाऱ्याला एवढं लांब जावंच लागत नाही. प्रकरणाचा शेवट आठव. दार उघडलं, आत अंधार, आणि त्याला समोर जे दिसलं ते बघून त्याच्या हातातला कंदील खाली पडला. प्रकरण संपलं. त्या क्षणी तुझं बोट ऑलरेडी पानाच्या कोपऱ्याखाली गेलेलं असतं, तुला न विचारता! पोटात बारीकसा खड्डा पडलेला असतो, श्वास अर्ध्यावर थांबलेला असतो आणि 'पुढे काय' एवढं एकच उरलेलं असतं. ती तहान. बोटाच्या टोकाला आलेली, हात लावून बघता येईल अशी.

तिथे थांब. रोज एकदा, एकाच प्रकरणाच्या शेवटी. पुस्तक मिटायचं, बोट खुणेला आत ठेवलंस तरी चालेल, आणि डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं. श्वासावर यायचा प्रयत्न करायचा, आणि येता येत नसेल तर ती ओढ अंगात नेमकी कुठे आहे ते बघायचं, पोटात आहे की छातीत, की जबड्यात दात आवळले गेलेत. ती वाढते का, कमी होते का, मध्येच विसरायला होते का. मग डोळे उघडायचे आणि हवं तर पुढचं प्रकरण वाचायचं, मस्त. कंदील का पडला ते कळायलाच पाहिजे ना. काही दिवस हे केलंस की तुझ्या लक्षात येईल, कधी दहा मिनिटांनी ती ओढ तशीच असते आणि कधी कुठे गेली ते कळत पण नाही, आणि दोन्ही वेळा तू काहीच केलेलं नसतं. अनिच्च अनिच्च, म्हणजे काहीच टिकत नाही, म्हणून पुस्तकात दहा वेळा वाचलेलं असतं तेच हे.

माझी तक्रार तुझ्या कादंबऱ्यांवर नाहीच, ती आहे त्या आठ-नऊ ध्यानाच्या पुस्तकांवर आणि एक्सेल शीटवर. धम्मपदात पहिल्याच वर्गात, म्हणजे यमकवग्गात, एक दाखला आहे, की जो पुष्कळ वचनं बोलतो पण तसं करत नाही तो दुसऱ्यांच्या गायी मोजणाऱ्या गुराख्यासारखा. दिवसभर मोजतो, एकही कमी नाही, हिशेब चोख, आणि दूध मालकाच्या घरी. ते वाचून मला हसायला आलं होतं आणि लगेच हसू थांबलं पण होतं, कारण त्या वेळी माझ्या टेबलावर माझा स्वतःचा कळप उभा होता. तर असं कर, एक महिना ध्यानावरचं नवीन पुस्तक उघडायचं नाही. गोष्टी वाच, कविता वाच, काहीही वाच, फक्त ध्यान कसं करावं हे वाचू नकोस. जे वाचून झालंय त्यात तीस दिवस पुरेल इतकं नक्की आहे.

ॲप परत घालायची घाई करू नकोस. स्ट्रीकचा प्रॉब्लेम असा की बाराव्या दिवशी चुकलं की अकरा दिवस पण वाया गेल्यासारखे वाटतात, ते गेलेले नसतात. अकरा दिवस बसलास तो बसलास. सबमिशन झाल्यावर तेराव्या दिवशी बसला असतास तर ते पण बसणंच होतं.

सुत्तं बोअर होतात म्हणतोस, तर कमी तुझ्यात काही नाही, पण ती वाचायची पद्धत चुकतेय. ती वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. कित्येक शतकं ती तोंडपाठ करून ठेवली होती, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लिहून काढली गेली. एकटा माणूस डोळ्यांनी झरझर वाचतोय असं कोणाच्या मनातच नव्हतं, दहा-वीस भिक्खू एकत्र बसून म्हणतायत, म्हणून तेच तेच परत येतं, ते पाठांतराचे खांब आहेत. जसं आपण आरतीच्या ध्रुवपदाला कंटाळत नाही कारण ते म्हणतो, नुसतं वाचत नाही. तू एकदा दार लावून मोठ्याने वाचून बघ. मज्झिम निकाय नावाच्या सुत्तांच्या संग्रहात एकूण १५२ सुत्तं आहेत, त्यातलं दहावं सतिपट्ठान आणि ११८ वं आनापानसति एवढी दोन घे, एका वेळी एकच पान, सावकाश, मोठ्याने. मला स्वतःला सतिपट्ठान तिसऱ्या की चौथ्या वेळेला कळायला लागलं, आणि तेही ऐकताना. ही दोन सुत्तं वरच्या महिन्याच्या बंदीतून वगळली असं समज, कारण मोठ्याने वाचणं हे पण जवळजवळ बसण्यासारखंच आहे.

आणि चुकून उचललेल्या पुस्तकाची लाज वाटू देऊ नकोस. धर्मानंद कोसंबी, जे पुढे पाली आणि बौद्ध धर्माचे एवढे मोठे अभ्यासक झाले, ते गोव्यातल्या एका खेड्यातले, शाळा म्हणावी तशी झालेली नाही, आणि त्यांना बुद्ध पहिल्यांदा भेटले ते कुठल्या जाड ग्रंथात नाही तर 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात छापून आलेल्या चरित्रात. तेवढ्यावर हा माणूस १८९९ मध्ये घर सोडून निघाला, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत करत सिलोनला पोचला आणि १९०२ मध्ये तिथे भिक्खू झाला. वर सांगितलेला तो विसुद्धिमग्ग, त्याच्या संपादनासाठी ते पुढे हार्वर्डला पण जाऊन आले. करमणुकीच्या वाचनातून काय काय होऊ शकतं बघ. फक्त हे उदाहरण घरी वडिलांना सांगू नकोस, कारण निघताना कोसंबींनी बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवली होती, आणि ते मला आजही नीटसं पचलेलं नाही.

जन्माचा प्रश्न पटकन संपवते. विपश्यनेची शिबिरं घेणारे सत्यनारायण गोएंका स्वतः ब्रह्मदेशात मंडालेतल्या हिंदू मारवाडी घरातले, बडे व्यापारी, मायग्रेनने हैराण होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे काही मठातले भिक्खू नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, आणि डोकेदुखी घालवायला म्हणून येणाऱ्याला आधी घ्यायला तयारच नव्हते. म्हणजे शिकणारा जन्माने बौद्ध नव्हता आणि शिकवणारा ऑफिसला जाणारा होता. तेव्हा तू पण बस की. एवढंच म्हणेन की श्वास तेवढा घ्यायचा आणि शील सोडून द्यायचं, असं निवडून घेतलेलं मला पटत नाही. सकाळी दहा मिनिटं शांत बसायचं आणि दुपारी मित्राची असाइनमेंट छापून स्वतःची म्हणून द्यायची हे जमत नाही, बसल्यावर तेच आठवतं. डॉ. आंबेडकरांनी बुद्धांवर लिहिलेला ग्रंथ, जो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, तो बंदीचा महिना संपला की वाच, म्हणजे धम्म हा डोळे मिटण्यापुरता नसून माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा आहे ही बाजू सुटणार नाही.

आणि एक, पुढेमागे तू दहा दिवसांच्या शिबिराला जाशीलच, तुझा स्वभाव बघून सांगते. गोएंकांच्या परंपरेतल्या त्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाला साधारण दहा तास बसायचं असतं, पहिले तीन दिवस नुसता श्वास आणि चौथ्या दिवशी विपश्यना. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. बोलायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याचीच भीती वाटते. पण वाचायचं पण नाही, लिहायचं पण नाही! मला न बोलण्याचा काही त्रास झाला नाही, छान वाटलं उलट. चौथ्या दिवशी दुपारी मात्र मी खोलीत बसून डोकेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटातली घडीची चिठ्ठी काढली, ती मुंगीएवढ्या अक्षरातली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग परत एकदा वाचली. थंड व कोरड्या जागी ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. इतका आनंद मला एखादी कादंबरी वाचून पण झाला नसेल, आणि तो आनंद होत असताना मला स्वच्छ दिसत होतं की मला औषधाबद्दल काहीही जाणून घ्यायचं नाहीये, मला फक्त अक्षरं पाहिजेत. ते दिसलं तेव्हा जरा भीती वाटली आणि खूप हसायला पण आलं, आवाज न करता. तू जाशील तेव्हा पाकिटातली चिठ्ठी घरीच काढून ठेव. किंवा नको, राहू दे.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजला आहे. पूर्वी पुस्तकात डोकं घालून बसायचा, आता खोलीचं दार लावून डोळे मिटून बसतो. मित्रांकडे जाणं कमी झालंय असं त्याच्या आईला वाटतं. उद्या शिक्षण सोडून संन्यास घेतो म्हणाला तर? त्याला थांबवावं का?

उत्तर : दादा, तुमची काळजी समजते, आणि ती अडीच हजार वर्षं जुनी आहे. खुद्द बुद्धांच्या वडिलांनाच हे झालं. आधी मुलगा गेला, मग नातू राहुलला पण प्रव्रज्या, म्हणजे संन्यासाची दीक्षा, दिली गेली, तेव्हा शुद्धोदनाने बुद्धांना सांगितलं की हे दुःख कातडी, मांस, हाड कापत आत जातं, तर यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. आणि बुद्धांनी तसा नियम केला, तो विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, आहे आणि आजही आहे. म्हणजे तुमचा मुलगा उद्या कुठल्या विहाराच्या दारात जाऊन उभा राहिला तरी आधी तुम्हालाच विचारावं लागेल. हे त्याला पण सांगा, दोघं मिळून हसाल.

खरं म्हणजे वीस-तीस मिनिटं बसणाऱ्यांतले फार थोडे संन्यासाकडे जातात. बहुतेक जण परीक्षा आली की बंद करतात आणि नंतर परत सुरू करतात. थांबवू नका. दारावर टकटक करून 'झालं का रे तुझं ध्यान' असं पण नको, तो बसलाय म्हणजे अभ्यासच करतोय असं समजा आणि जेवायला हाक मारायची तेव्हा मारा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा, आणि ती संन्यासापेक्षा महत्त्वाची आहे. तो बसून उठल्यावर कसा असतो? जेवतो, झोपतो, नीट बोलतो, कधीतरी चिडतो, जोक मारतो, तर सगळं ठीक आहे. पण झोप उडालीये, खाणं सुटलंय, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी पण नकोशा झाल्यात, सारखी धडधड होते, आणि डोळे मिटणं ही फक्त सगळ्यांपासून लपायची जागा झालीये असं वाटलं तर ध्यानाबद्दल वाद घालत बसू नका, त्याला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. काही जणांना, विशेषतः ज्यांना नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास आहे किंवा मागे काही मोठा धक्का बसलाय, त्यांना तासन्‌तास एकटं डोळे मिटून बसणं जड जाऊ शकतं, त्रास वाढू पण शकतो. अशा कोणी लांबच्या शिबिराला जायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, फॉर्मवर खरं लिहावं, आणि चालू असलेली गोळी 'आता ध्यान करतोय ना' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. हे मी जरा जोरात सांगतेय कारण हे लोक हळूच करतात आणि कोणाला सांगत नाहीत.

आणि मित्रांकडे जाणं कमी झालंय याचं कारण मित्रांशी भांडण पण असू शकतं. विचारून बघा की.

प्रश्न : मी श्वास मोजायचा प्रयत्न करते पण दहापर्यंत कधी पोचतच नाही, नाहीतर एकदम सत्तावीसवर जाग येते. मोजणं चुकीचं आहे का?

उत्तर : चुकीचं मुळीच नाही, पण सत्तावीस फार झाले. विसुद्धिमग्गात याचा नेमका हिशेब आहे, पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढे जाऊ नका. पाचाच्या आत मन कोंडतं, अरुंद गोठ्यात गुरं कोंबल्यासारखं, आणि दहाच्या पुढे गेलं की मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. तुमचे सत्तावीस म्हणजे हेच, आकडे आपले आपण चाललेत, श्वासाची ओळख सुटली. तेव्हा पाच, मग सहा, मग सात असं एकेक वाढवत दहापर्यंत जा आणि परत पाचावर या. मध्येच तुटलं तर एकपासून. दहापर्यंत पोचलात नाही म्हणून काही नापास होत नाही, तुटलं हे कळलं ना, मोजायचं असतं ते त्याच्यासाठीच. एकदा श्वासावर मन बऱ्यापैकी टिकायला लागलं की मोजणं सोडून द्यायचं, ते काठीसारखं आहे.

प्रश्न : ध्यानाला बसलं की पाच मिनिटांत डुलकी. पुस्तक वाचताना मात्र रात्री एकपर्यंत टक्क जागा असतो. असं का?

उत्तर : पुस्तक तुम्हाला जागं ठेवतं, श्वास ठेवत नाही, तिथे तुमचं तुम्हालाच जागं राहावं लागतं. आणि रात्री एकपर्यंत वाचता हे वाचून मला पुढचं कारण शोधावंसं वाटत नाहीये, तरी सांगते. बुद्धांच्या दोन मुख्य शिष्यांपैकी एक, महामोग्गल्लान, ते पण बसल्या बसल्या पेंगत होते. अंगुत्तर निकाय या सुत्तांच्या दुसऱ्या संग्रहात ते सुत्त आहे आणि मला ते फार प्रेमळ वाटतं, कारण रागावणं कुठेच नाही, एकामागून एक उपाय. ज्या विचारात असताना पेंग आली तो सोड. नाही गेली तर ऐकलेला धम्म मनात घोळव. नाही गेली तर मोठ्याने म्हण. तरी येतेय तर दोन्ही कान ओढ आणि हातपाय चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, वर ताऱ्यांकडे बघ. मग मनात उजेडाची कल्पना धर, रात्री पण दिवस असल्यासारखी. मग येरझाऱ्या घाल, लक्ष आत ठेवून. यातलं कान ओढणं खरंच चालतं, मी करते, फक्त शेजारी कोणी बसलेलं नाही ना बघून. आणि एवढं सगळं करून पण झोप गेली नाही तर काय? तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठायची वेळ मनात धरून सरळ झोप, असं सांगितलंय. म्हणजे झोपायची परवानगी त्याच यादीत आहे, फक्त शेवटी. तुम्ही पहिल्यांदा रात्री एकच्या जागी अकराला पुस्तक मिटून बघा, कदाचित कानापर्यंत जायची वेळच येणार नाही.